बासष्ट पट्ट्यांचा करार

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या मदरबोर्डवर पाच लांबट स्लॉट होते. प्रत्येक स्लॉटमध्ये ६२ संपर्कपट्ट्या होत्या, एका बाजूला ३१ आणि दुसऱ्या बाजूला ३१. मूळ बोर्डावर कीबोर्ड आणि कॅसेट जोडायची सोय होती आणि एक बारकासा स्पीकर होता. बाकी जवळजवळ सगळं बाहेरून यायचं. स्क्रीनवर एक अक्षर उमटवायचं तरी आधी कार्ड बसवावं लागे. फ्लॉपीला कार्ड, प्रिंटरला कार्ड, मोडेमलाही कार्ड.

या ६२ पट्ट्यांपैकी २० पत्त्यासाठी होत्या आणि ८ डेटासाठी. कार्डाने प्रोसेसरला हाक मारायच्या ६ रेषा होत्या. प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण करण्यासाठी ३ मार्ग होते. विजेचे चार पुरवठे होते: +५, −५, +१२ आणि −१२ व्होल्ट. उरलेल्या पट्ट्यांवर जमीन, घड्याळाचे ठोके आणि वाचा-लिहा-थांबा असे इशारे. कोणता इशारा कधी येईल, किती वेळ टिकेल आणि त्याला उत्तर कुणी द्यायचं, हे सगळं ठरलेलं होतं. आयबीएमने ते छापून विकलंही. तिच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये मदरबोर्डचे विद्युत नकाशे होते आणि बायोसचा प्रोग्रॅम ओळीन् ओळ होता.

जुनी कार्डं आज चालतात ती त्या छापील पानांमुळे, असं माझं ठाम मत आहे. तांबं आणि सोनं कुठेही मिळतं. स्लॉटचा प्लॅस्टिकचा सांगाडा आजही विकत मिळतो. जुन्या कार्डाला हवा असतो तो करार पाळणारा कुणीतरी. करार लिहिलेला असेल तर नवं यंत्र तो पाळू शकतं. तो कुठेच लिहिलेला नसेल, तर उत्तम स्थितीतलं कार्डसुद्धा कपाटातच राहतं.

हौशी लोकांना याची गरज पडतेच, पण खरी अडचण कारखान्यांची आणि प्रयोगशाळांची असते. धातूची पट्टी ताणून ती कुठे तुटते हे मोजणारं एखादं यंत्र घ्या. त्याचा लोखंडी सांगाडा, स्क्रू आणि मोटर आणखी कित्येक वर्षं चालतील. त्याला कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड १९९०च्या दशकातलं, आणि कार्ड ज्या कॉम्प्युटरमध्ये बसलंय त्याचा मदरबोर्ड आता गेलेला. नवं यंत्र लाखांत जातं. शिवाय जुन्या यंत्रावर घेतलेल्या मोजमापांशी नव्या मोजमापांचा मेळ घालायचं काम वेगळंच. सगळा पेच एका हातभर कार्डाशी येऊन अडतो.

स्लॉटची वंशावळ थोडक्यात सांगतो. १९८४ साली आयबीएमच्या पीसी एटीमध्ये मूळ ६२ पट्ट्यांच्या पुढे आणखी ३६ पट्ट्यांचा तुकडा आला. डेटा १६ बिटांचा झाला आणि पत्ते १ मेगाबाइटवरून १६ मेगाबाइटपर्यंत गेले. जुनी कार्डं मूळ ६२ पट्ट्यांच्या भागात तशीच बसत. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ यंत्रांबरोबर मायक्रो चॅनेल ही नवी बस, म्हणजे स्लॉटमागची तारांची आणि नियमांची व्यवस्था, आणली. तांत्रिकदृष्ट्या ती चांगली होती, पण ती वापरायला परवाना लागे आणि जुनं एकही कार्ड तिच्यात बसत नसे. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुन्या बसचं विस्तारित रूप, ईआयएसए, जाहीर केलं. जुन्या बसला आयएसए हे नाव पडलं ते याच वेळी. १९९२ साली इंटेलची पीसीआय आली. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून काढलेल्या पीसी ९९ या मार्गदर्शक आराखड्यात नव्या कॉम्प्युटरमध्ये आयएसए स्लॉट नसावेत असं ठरलं. २००३ साली पीसीआय एक्स्प्रेस आली, आणि घराघरांतल्या मदरबोर्डवर आज तीच दिसते.

मायक्रो चॅनेलचं पुढे काय झालं हे पाहण्यासारखं आहे. लिनक्सने २०१२ साली तिचा आधार काढून टाकला, कारण ती वापरणारं कुणी उरलंच नव्हतं. तिच्याहून वयाने मोठ्या आयएसएच्या खुणा मात्र ६४ बिटांच्या लिनक्समध्ये अजून सापडतात. त्यांपैकी एक पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, आणि आधी विजेकडे, कारण सगळ्यांत सोपा भाग तोच आहे. जुन्या पुरवठ्यातला −५ व्होल्ट पहिल्या पीसीच्या मेमरी चिपांना लागत असे. काही साउंड कार्डं आणि मोजमापाची कार्डंही तो वापरत. २००० सालानंतर काही वर्षांतच एटीएक्स पॉवर सप्लायच्या आराखड्यातून तो वगळला गेला. त्यामुळे तुलनेने नव्या बोर्डावर आयएसए स्लॉट असला तरी त्याच्या पाचव्या पट्टीवर वीज नसते. कार्ड मग एकतर गप्प बसतं किंवा अर्धवट चालतं, आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत राहतो. उपाय साधा आहे. −१२ व्होल्ट अजून मिळतो. त्याच्यापुढे ७९०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर आणि दोन कपॅसिटर लावले की −५ व्होल्ट तयार. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा रेग्युलेटर अगदी थोड्या पैशांत मिळतो.

पण कार्ड स्लॉटमध्ये घालण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. त्या काळातल्या कार्डांवर टँटलमचे कपॅसिटर असत, पिवळे किंवा निळे, थेंबाच्या आकाराचे. ते बिघडतात तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होतात, आणि वीज देताच धूर निघतो. म्हणून चारही पुरवठ्यांच्या पट्ट्या आणि जमीन यांच्यातला रोध आधी मोजायचा. जवळपास शून्य आला, तर तो कपॅसिटर बदलेपर्यंत वीज द्यायची नाही. कडेच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कपड्याने पुसाव्यात. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास आहे, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि खरखरीत रबर तो खरवडून काढतं. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत उघडं पडलेलं तांबं फार लवकर हिरवं पडतं. कार्ड ठेवताना पिशवीत सिलिका जेल ठेवलंच पाहिजे.

वीज झाली. आता पत्ते. आयएसए ही सामाईक बस आहे. प्रोसेसर एक पत्ता पुकारतो, तो सगळ्या कार्डांना एकाच वेळी ऐकू येतो आणि ज्याचा असेल त्याने उत्तर द्यायचं. चाळीत खाली उभं राहून कुणी नाव पुकारावं तसं. कुणाचा पत्ता कोणता हे कार्डावरच्या छोट्या जम्परनी ठरतं आणि ते माणसाने हाताने लावायचे असतात. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा पत्ता सहसा २२०, ॲडलिब या संगीत कार्डाचा ३८८. हे आकडे सोळाच्या पायावरचे. दोन कार्डांचे पत्ते एक झाले तर दोघं एकदम बोलतात आणि बसवर निव्वळ गोंधळ होतो.

यात एक बारकी खोच आहे आणि नव्या यंत्रांत ती फार त्रास देते. इनपुट-आउटपुटचा पत्ता खरं तर १६ बिटांचा, पण पैसे वाचवायला जुनी कार्डं त्यातले खालचे १०च बिट पाहत. त्यामुळे २२० वर बसलेलं कार्ड ६२०, ए२० आणि ई२० या पत्त्यांनाही ओ देतं. १९८५ साली तिथे दुसरं कुणी नव्हतं. आज नव्या यंत्राचं फर्मवेअर पीसीआय उपकरणांना पत्ते वाटतं तेव्हा तिथे कुणीतरी असू शकतं. एका बसला दुसरी जोडणाऱ्या पीसीआय पुलांमध्ये यासाठी एक खास बिट ठेवलेला आहे. तो चालू केला की प्रत्येक १,०२४ पत्त्यांच्या गटातले फक्त पहिले २५६ पत्ते पुलापलीकडे जातात, आणि उरलेले ७६८ जुन्या कार्डांच्या प्रतिध्वनीसाठी मोकळे राहतात. पीसीआय एक्स्प्रेसच्या आराखड्यातही हा बिट आहे. जुन्या कार्डांचा विचार इतक्या खोलवर कुणीतरी करून ठेवला, हे पाहून मला मनापासून आदर वाटतो.

इंटरप्टची गोष्टही याच जातीची. आयएसएवर कार्डाला प्रोसेसरचं लक्ष हवं असलं की ते आपली रेषा खालून वर नेतं, आणि त्या चढण्याच्या क्षणाचीच नोंद होते. दोन कार्डांनी एकच रेषा घेतली तर एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडते. म्हणून आयएसएवर रेषा वाटून घेता येत नाही, आणि पीसी एटीपासूनच्या १५ रेषांतल्या बऱ्याचशा टायमर, कीबोर्ड, डिस्क यांनी आधीच अडवलेल्या असतात. पीसीआयवर रेषा खाली ओढून धरलेली असते आणि काम होईपर्यंत सोडायची नसते, त्यामुळे चार उपकरणं एकाच रेषेवर सुखाने राहतात. पीसीआय एक्स्प्रेसवर तर रेषाच नाहीत. 'मी हाक मारली' आणि 'हाक मागे घेतली' असे दोन निरोप जातात. जुन्या पीसीआय कार्डासाठी नव्या मदरबोर्डवर पूल बसवला की रेषेचं रूपांतर या निरोपांत त्यालाच करावं लागतं. दुसरा निरोप हरवला तर प्रोसेसर समजतो की हाक अजून चालूच आहे. मग उत्तर द्यायला कुणी नाही अशी रेषा ऑपरेटिंग सिस्टिम बंद करून टाकते. कार्ड तासभर छान चालतं आणि अचानक मुकं होतं, ते अनेकदा यामुळे. अशा वेळी कार्ड बदलू नका, वेगळ्या चिपचा पूल लावून पाहा.

वेगाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. नवं यंत्र फार वेगवान म्हणून जुनं कार्ड चालत नाही, असं लोक सांगतात. पण आयएसए बसचा वेग प्रोसेसरच्या वेगापासून केव्हाच वेगळा झालेला आहे. प्रोसेसर काहीही असो, बस सुमारे ८.३३ मेगाहर्ट्झवरच चालते. गडबड होते ती प्रोग्रॅममध्ये, आणि तीसुद्धा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेळ कशाने मोजला त्यावर अवलंबून.

कॅनडातल्या क्विबेकमधल्या ॲडलिब कंपनीने १९८७ साली आणलेलं संगीत कार्ड याचं उत्तम उदाहरण आहे. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती. चिपला रजिस्टरचा क्रमांक दिला की ३.३ मायक्रोसेकंद थांबावं लागे, आणि त्यात किंमत लिहिली की २३ मायक्रोसेकंद. तेवढं थांबायचं कसं? ॲडलिबच्या मार्गदर्शिकेतली रीत अशी होती: क्रमांक दिल्यावर चिपचा स्टेटस पोर्ट ६ वेळा वाचा, किंमत लिहिल्यावर ३५ वेळा वाचा. वाचलेलं फेकून द्या.

गणित करून पाहू. आठ बिटांच्या कार्डाचा पोर्ट एकदा वाचायला बसचे साधारण ६ ठोके लागतात. ८.३३ मेगाहर्ट्झला ते होतात ०.७२ मायक्रोसेकंद. सहा वाचनांचे ४.३, आणि पस्तिसांचे २५. दोन्ही ठिकाणी हवी त्याहून किंचित जास्त सवड मिळते. आणि प्रोसेसर हजारपट वेगवान झाला तरी खरी आयएसए बस असेपर्यंत हे गणित बदलत नाही, कारण उत्तर येईपर्यंत प्रोसेसरला थांबावंच लागतं. ज्यांनी ही रीत पाळली त्यांचे प्रोग्रॅम आजही गातात.

ज्यांनी प्रोसेसरच्या फेऱ्या मोजल्या त्यांचं काय झालं? टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहायच्या साधनातलं सीआरटी युनिट प्रोग्रॅम सुरू होताना एक रिकामी फेरी फिरवत ठेवी, टायमरच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या झाल्या ते मोजी आणि त्या संख्येला ५५ ने भागी. साधारण २०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले तसं भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावेना. प्रोग्रॅम पहिल्याच क्षणी 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडू लागले. मोजमापाच्या कार्डांबरोबर आलेले कितीतरी डॉस प्रोग्रॅम टर्बो पास्कलमध्येच लिहिलेले होते. कार्डाचा यात काडीचाही दोष नव्हता. तयार झालेल्या ईएक्सई फाइलमध्ये तेवढाच भाग दुरुस्त करणारी छोटी साधनं मिळतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच 'मेलेलं' कार्ड उठून बसतं.

सगळ्यांत अवघड गाठ डीएमएची, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी होणाऱ्या थेट देवाणघेवाणीची आहे. आवाजाचा प्रवाह कार्डाकडे पाठवायचा तर प्रत्येक बाइट प्रोसेसरने उचलून देणं महागात पडे. म्हणून मदरबोर्डवर ८२३७ ही वेगळी चिप असे. प्रोग्रॅम तिला सांगे की मेमरीत अमुक जागेपासून इतके बाइट घे आणि पहिल्या मार्गाने पोचव. कार्ड मागेल तसे ती ते देत जाई. या चिपचे नियम विचित्र होते. एका वेळी ६४ किलोबाइटांची सीमा ओलांडायची नाही, आणि १६ मेगाबाइटांपलीकडच्या मेमरीला हात लावायचा नाही. वर म्हटलेली खूण ती हीच: लिनक्समध्ये मेमरीचे पहिले १६ मेगाबाइट 'झोन डीएमए' म्हणून अजून वेगळे काढलेले असतात. कित्येक गिगाबाइट मेमरी असलेल्या यंत्रातही १९८४ सालची ती कुंपणरेषा शाबूत आहे.

इथला करार तिघांमधला आहे: कार्ड, मेमरी आणि मध्ये बसलेली चिप. पत्ते आणि इंटरप्ट यांची नक्कल पुलाला करता येते, पण मधला माणूसच नसेल तर कार्डाने मागायचं कुणाकडे? इंटेलच्या चिपसेटमध्ये ८२३७चं प्रतिरूप अनेक वर्षं निमूट चालत आलं होतं. २०१५ सालच्या स्कायलेक पिढीपासून ते काढलं गेलं. म्हणून कोणतं कार्ड नव्या यंत्रात चालेल हे विचारताना त्याच्या वयाआधी त्याला डीएमए लागतो का ते विचारावं. ॲडलिबला लागत नाही. साउंड ब्लास्टरला ध्वनिमुद्रित आवाजासाठी लागतो. मोजमापाची बरीच साधी कार्डं फक्त पोर्ट वाचून भागवतात, आणि ती नशीबवान.

पण नव्या मदरबोर्डवर आयएसए आणायचीच कुठून? १९९८ साली इंटेलने एलपीसी ही बस आणली. आयएसए स्लॉट काढले तरी बायोसची चिप, कीबोर्ड आणि सीरियल पोर्ट यांना जुन्याच रीतीने बोलता यावं, हा तिचा हेतू. प्रोग्रॅमच्या नजरेतून ती आयएसएच आहे. फक्त पत्ते आणि डेटा चार तारांवरून तुकड्यातुकड्यांनी, ३३ मेगाहर्ट्झच्या तालावर जातात. अत्यावश्यक इशारे अवघे सात. हीच बस पुढे अनेक वर्षं मदरबोर्डवरच्या एका लहानशा पिनांच्या गुच्छावर येत राहिली. तो गुच्छ सुरक्षेच्या टीपीएम चिपसाठी असतो.

हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी त्या गुच्छाला एलपीसीचं आयएसएत रूपांतर करणारी चिप जोडली, पुढे खरा स्लॉट लावला आणि आराखडे सगळ्यांसाठी खुले केले. बरीच वर्षं मागे टाकलेलं साउंड कार्ड कितीतरी नव्या प्रोसेसरच्या यंत्रावर वाजू लागलं. तीन अडचणी मात्र समजून घ्यायला हव्यात. कोणते पत्ते एलपीसीकडे वळवायचे हे चिपसेटला सांगावं लागतं. इंटेलच्या चिपसेटमध्ये अशा चारच सर्वसाधारण खिडक्या असतात, आणि त्या उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम आधी चालवावा लागतो. डीएमए मागायची तार टीपीएमच्या गुच्छावर सहसा नसते, ती मदरबोर्डवर शोधून बारीक वायरने डाखावी लागते. आणि अलीकडच्या चिपसेटमध्ये एलपीसीच्या जागी ईएसपीआय ही वेगळी बस आली आहे, म्हणजे हा दरवाजाही लोटला जातोय. त्यातच जुना बायोस जाऊन यूईएफआय आलं, आणि डॉस सुरू करून देणारा त्यातला सुसंगतीचा भाग नव्या बोर्डांतून निघून चालला आहे.

यूएसबीला जोडणारा आयएसए स्लॉट का करत नाही, हा प्रश्न बरेच जण विचारतात. असा स्लॉट करता येतो, पण तो रांगतो. यूएसबीवर वेळेचे कप्पे असतात. साध्या वेगात १ मिलिसेकंदाचा, वरच्या वेगात १२५ मायक्रोसेकंदांचा. जिथे आयएसएवर पोर्ट वाचायला पाऊण मायक्रोसेकंद लागतो, तिथे विचारायचं आणि उत्तर घ्यायचं एवढ्यासाठी अशा कप्प्याची वाट पाहावी लागते. तापमान मिनिटातून एकदा वाचायचं तर चालेल. फिरत्या मोटरची जागा वाचायची तर नाही. शिवाय पोर्टला थेट हात लावणाऱ्या जुन्या डॉस प्रोग्रॅमला यूएसबीची ओळखच नाही.

म्हणून कारखान्याला सल्ला द्यायचा तर मी या चमत्कारांच्या वाटेला जाणार नाही. औद्योगिक बाजारात आयएसए संपलेलीच नाही. १९९२ सालच्या पीसी/१०४ या मानकात आयएसएचे इशारे १०४ पिनांवर आणले आणि तळहाताएवढे बोर्ड एकावर एक रचायची सोय केली. तैवानमध्ये तयार होणाऱ्या व्होर्टेक्स८६ या प्रोसेसर-चिपांमध्ये आयएसए बस चिपच्या आतच दिलेली असते. १९९४ साली स्थापन झालेल्या पीआयसीएमजी या संघटनेच्या मानकाप्रमाणे बनलेल्या यंत्रात प्रोसेसरच एका कार्डावर असतो आणि मदरबोर्डच्या जागी नुसते स्लॉट. त्यांत काही आयएसए, काही पीसीआय. प्रोसेसरचं कार्ड बिघडलं तर तेवढंच बदलायचं. हे महाग वाटतं, पण सुट्या भागांसाठी भंगारातले मदरबोर्ड जमवण्यापेक्षा स्वस्त पडतं. भंगारातल्या बोर्डावरच्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीने तारांचे मार्ग बहुधा आधीच खाल्लेले असतात.

उलट्या दिशेनेही सुंदर काम झालेलं आहे: जुन्या स्लॉटसाठी नवी कार्डं. रास्पबेरी पायच्या पिको बोर्डावरची आरपी२०४० चिप घेऊन पिकोगस नावाचं खुलं कार्ड बनलं. बसवरच्या इशाऱ्यांना वेळेत उत्तर देता येईल असे छोटे स्वतंत्र भाग त्या चिपमध्ये आहेत. त्यामुळे एकच कार्ड कधी १९९२ सालचं ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड होतं, कधी ॲडलिब, कधी साउंड ब्लास्टर. मूळ कार्डं संग्राहकांच्या हातात जाऊन महागली असताना हे वरदानच. जुन्या यंत्राला नवी डिस्क जोडून देणाऱ्या एक्सटी-आयडीई कार्डाची कथा मला अधिक आवडते. बायोस सुरू होताना मेमरीचा ठरलेला पट्टा चाळतो आणि ५५ एए ही खूण दिसली की तिथला प्रोग्रॅम चालवतो, हा नियम आयबीएमने छापून ठेवला होता. त्याच नियमाच्या जोरावर या कार्डावरचा रॉम स्वतःला पुढे करतो, आणि १९८० च्या दशकातलं यंत्र कॅमेऱ्यात घालायच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावरून सुरू होतं. मूळ यंत्राला काही बदलल्याचं कळतसुद्धा नाही.

मराठी वाचकाच्या अगदी जवळचं एक कार्ड याच स्लॉटमध्ये बसत होतं. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात देवनागरी टर्मिनलचं काम झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालचं ते काम तिथे पुढे गेलं. त्यातून जिस्ट कार्ड आलं. डॉसच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक घरात इंग्रजी अक्षरांच्या मापाचं एक चिन्ह. त्यात 'क्ष', 'ष्ट्र', 'र्द्ध' कुठून मावणार? जिस्ट कार्ड पडद्याचा ताबा आपल्याकडे घेई आणि जोडाक्षरं स्वतः जुळवी. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्येही मराठी नावं, पत्ते, नोंदी भरता येत. इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक भारतीय लिप्यांना एकच. अक्षरांचे संकेत इस्कीचे, जे १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाले. संकेत लिप्यांना समान असल्याने देवनागरीत भरलेलं नाव एका आज्ञेने गुजरातीत किंवा बंगालीत दिसू शके.

इथे जपायच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या रीतीने जपाव्या लागतात. मजकूर सोपा. युनिकोडमधला देवनागरीचा कप्पा इस्कीच्याच १९८८ सालच्या आवृत्तीवर बेतलेला आहे, त्यामुळे इस्कीतली फाइल युनिकोडमध्ये आणणं फारसं कठीण नाही. पण कार्डावर विसंबून चालणारा प्रोग्रॅम, त्याचा पडदा आणि त्या पडद्यावरची ती ठरावीक वळणाची अक्षरं पाहायची तर कार्ड स्लॉटमध्येच हवं. म्हणजे खरी आयएसए बस, डॉस आणि कार्डाबरोबर आलेला ड्रायव्हर.

एखाद्या कार्यालयाच्या किंवा छापखान्याच्या माळ्यावर असं कार्ड सापडलं, तर जम्परांना हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत. कार्डावर काचेची खिडकी असलेली रॉम चिप असेल तर खिडकीवरचा कागद निघालाय का ते पाहावं, कारण उन्हातले अतिनील किरण आतला प्रोग्रॅम पुसतात, आणि उजेड नसला तरी आतला विद्युत भार वर्षानुवर्षं गळतच असतो. ती चिप यूएसबीवर चालणाऱ्या साध्या रॉम प्रोग्रामरने वाचून नक्कल दोन ठिकाणी ठेवावी. सोबतच्या फ्लॉपी नेहमीच्या ड्राइव्हमध्ये पुन्हा पुन्हा फिरवत बसू नये. ग्रीसवीझलसारख्या खुल्या साधनाने त्यांवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे एकदा उतरवून घ्यावेत. माहितीपुस्तिकेचं पानन् पान स्कॅन करावं, जम्परांच्या तक्त्यापासून सुरुवात करून. वीज त्यानंतर.